वाकडं अंगण मोजणारे आबा

आबांकडे नुसती गिटार पाठवली, तर ती पिशवीची चेनही न उघडता परत यायची. माझ्यासमोर झालंय हे. नंदुरबारच्या एका बँडमालकाने ड्रायव्हरच्या हाती गिटार पाठवली होती. आबांनी विचारलं, "वाजाडनार कोठे शे?" ड्रायव्हर म्हणाला, तो लग्नाच्या सुपारीवर वाजवायला गेलाय. मग सुपारी उरकली की त्यालाच घेऊन ये, असं सांगून आबांनी त्याला माठातलं पाणी दिलं आणि वाटेला लावलं. मी म्हटलं, आबा, एवढ्या लांबून आलेला माणूस, निदान बघायची तरी. तर म्हणाले, कोणी तार हळू दाबतं, कोणी जीव खाऊन दाबतं. माझ्या बोटाने जुळवली तर ती माझ्या बोटाला जुळेल. मला कुठे वरातीत वाजवायचंय?

आणि वाजवायचं नव्हतंच, कारण येतच नव्हतं. धुळे, जळगाव, तिकडे पिंपळनेरपर्यंतचे बँडवाले ज्याच्याकडे गिटार घेऊन यायचे, त्या माणसाला एक गाणं धड वाजवता येत नव्हतं. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. चष्मा लावून देणाऱ्या डॉक्टरने कादंबरी लिहिलेली असावी, असं कोणी म्हणत नाही.

त्यांचा खरा धंदा मोटारींचा. धुळ्याला आग्रा रोडच्या मागे एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. विहिरीतल्या, बोअरमधल्या पाणबुडी मोटारी जळाल्या की शेतकरी त्या खांद्यावर टाकून आणायचे आणि आबा त्यांच्यात नवी तांब्याची तार भरून द्यायचे. दुकानभर वार्निशचा वास. गिटारीच्या नादी ते लागले एका ॲम्प्लिफायरमुळे. बँडवाल्याचा ॲम्प्लिफायर दुरुस्त करून झाला, चालतो का बघायला म्हणून त्याने गिटार लावून वाजवली, आणि आबांनी कानावर हात ठेवले. यंत्र दुरुस्त झालंय, मग घाण कुठून येतेय? तीन दिवस त्यांनी ॲम्प्लिफायरही दिला नाही आणि गिटारही दिली नाही. चौथ्या दिवशी त्यांना घाण कुठून येते ते सापडलं, आणि तेव्हापासून मोटारींच्या रांगेत गिटारी दिसायला लागल्या.

माणसांची नावं त्यांना लक्षात राहत नसत, किंवा ठेवायची नसत. शेतकऱ्यांना ते मोटारीवरून ओळखायचे. 'साडेसात' आला का, 'तीन एचपी'ला सांग उद्या ये. गिटारवाल्यांना त्यांच्या बिघडलेल्या तारेवरून. मला शेवटपर्यंत ते 'सहावी तार' म्हणत. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

'चालस', म्हणजे चालतंय, हा शब्द दुकानात बंद होता. आपल्या खान्देशात हा शब्द दिवसातून शंभरदा निघतो. नळ गळतोय, चालस. दार लागत नाही, चालस. शिरपूरकडचा एक शेतकरी एकदा म्हणाला, "आबा, थोडी घरघर करस, पन चालस, द्या." आबांनी मोटार मागे ओढली आणि कोपऱ्यातला झाडू त्याच्या हातात दिला. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर टोपी, मुकाट्याने दुकान झाडून गेला. रागावला नाही, हे विशेष. दुसऱ्या दिवशी मोटार न्यायला आला तेव्हा घरघर गेलेली होती.

आता मी त्यांच्याकडे कशी पोहोचले ते सांगते. आम्ही मूळचे राजस्थानातले, पण चार पिढ्या धरणगावात काढलेल्या. पप्पांचं हार्डवेअरचं दुकान. आमच्या घरात मुलीने काय काय करू नये याची यादी बरीच मोठी होती, पण इलेक्ट्रिक गिटार तिच्यात नव्हती, कारण ती कोणाला सुचलीच नव्हती. जळगावला कॉलेजात असताना मी भुसावळच्या एका रेल्वेवाल्या काकांकडून जुनी गिटार घेतली आणि जळगावच्या एका ऑर्केस्ट्रात शिरले. घरात वादळ झालं. शेवटी पप्पांनी व्यापाऱ्यासारखा तोडगा काढला. एक वर्ष वाजव. ऑर्केस्ट्रावाल्यांनी ठेवलं तर आम्ही कोणी काही बोलणार नाही. त्यांनी काढलं तर गिटार बंद, कायमची, आणि त्यावर रडारड नाही. मी म्हटलं, कबूल. सौदा झाला.

माझ्या मनात शंकाच नव्हती. हात तयार होता, मेहनत करत होते. पण पहिल्या महिन्यापासून काहीतरी बिनसलेलं. मोकळ्या तारा व्यवस्थित लावलेल्या असायच्या, खाली वाजवलं की गोड लागायचं, आणि वरच्या पडद्यांवर गेले की कीबोर्डशी जमायचंच नाही. आमचे मास्टर, म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक, स्वतः कीबोर्ड वाजवायचे. सगळ्यांसमोर बोटं थांबवून माझ्याकडे बघायचे. कान कच्चा आहे, म्हणायचे. पोरींच्या बोटांत जोर नसतो, म्हणायचे. मी एकदा हिंमत करून म्हटलं, मास्टर, गिटारमध्येच काही असेल का? ते हसले. "नाचता येईना, अंगण वाकडं."

सगळे हसले. मीही हसले, याची मला आजही लाज वाटते.

वर्ष संपायला आलं तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा कार्यक्रम आहे, तोपर्यंत सूर सुधारला तर ठीक, नाहीतर दुसरा गिटारवाला बघतो. म्हणजे माझ्या हातात दीड महिना होता. आमचा ऑक्टोपॅडवाला मनाने चांगला. त्याने हळूच धुळ्याचा पत्ता दिला आणि वर सांगितलं, माणूस चक्रम आहे, पण जाऊन बघ.

एसटीने एरंडोल, पारोळा करत मी धुळ्याला गेले. आबा एका मोटारीत हात घालून बसलेले. अंगात गंजीफ्रॉक, कानावर पेन्सिल, चष्म्याला काडीच्या जागी तांब्याची तार. मी एका दमात सगळं सांगितलं, मास्टरांच्या म्हणीसकट. त्यांनी पंखा बंद केला. धुळ्यातला मार्च महिना, आणि पंखा बंद. म्हणे, पंख्याचापण एक सूर असतो, तो मधे मधे बोलतो.

मग त्यांनी मला त्यांची परीक्षा घेण्याची रीत दाखवली. गिटारच्या मानेवर बारावा पडदा असतो, तो तारेच्या बरोबर मध्यावर. तिथे तारेला नुसतं बोट टेकवून छेडलं की एक घंटीसारखा सूर येतो. त्याच जागी तार दाबून वाजवली की आणखी एक सूर येतो. दोन्ही एकच यायला हवेत. आबा स्वतः कधी सांगायचे नाहीत काय ऐकू आलं ते. समोरच्याला विचारायचे. "कोनता वर शे?"

मी वाजवलं. मला चक्क ऐकू येत होतं की जाड तारेवर दाबलेला सूर चढलाय. पण वर्षभर कान कच्चा, कान कच्चा ऐकून माझी जीभच रेटेना. म्हटलं, "एकच आहेत."

"चहा पी. मंग ये."

मी कोपऱ्यावर जाऊन चहा प्यायले आणि परत आले. पुन्हा वाजवलं. पुन्हा म्हटलं, एकच आहेत. पुन्हा चहा. तिसऱ्या खेपेला चहावाल्यानेच विचारलं, आबांकडे आलीस का? सगळे गिटारवाले असेच येतात म्हणे. तिसऱ्यांदा दुकानात आल्यावर मला रडूच फुटलं. म्हटलं, जाड तारा चढतात, बारीक तारा उतरतात, मला पहिल्या दिवसापासून ऐकू येतंय, पण सगळे म्हणतात माझाच कान कच्चा.

आबांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "कान पक्का शे तुना. आते अंगन मोजनं पडी."

आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ कौतुकं केली. पण 'तुझा कान पक्का आहे' यापुढे त्यातलं एकही टिकत नाही. मी त्या गंजीफ्रॉकातल्या म्हाताऱ्याच्या पाया पडणार होते, पण ते उठून गिटार उलटीपालटी करायला लागले होते.

गिटारच्या पोटावर एक धातूची पट्टी असते, तिला ब्रिज म्हणतात. सतारीला घोडी असते ना, तसंच काम. तिच्यावर सहा छोटे ठोकळे असतात, एकेका तारेला एकेक. ठोकळा मागेपुढे सरकवला की त्या तारेची लांबी कमीजास्त होते. आबांनी भिंग लावून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाची शीर उभी राहिली. सहाही ठोकळे एका रेषेत, पट्टी लावून ठेवल्यासारखे सरळ. आणि खालच्या फटीत करडा एपॉक्सी, म्हणजे वाळला की दगड होणारा डिंक, भरलेला, घासून गुळगुळीत केलेला. एक ठोकळा तसूभर हलेना.

"हाई कोनी करं?"

मी म्हटलं, आधीच्या मालकाने केलं असेल. तर म्हणाले, ज्याने केलं त्याला घेऊन ये, तोवर मी हात लावत नाही. हा त्यांचा दुसरा नियम. बिघडवणारा समोर बसल्याशिवाय दुरुस्ती नाही, नाहीतर तो घरी जाऊन पुन्हा तेच करतो. दिवस चाललेत, अखाजी येतेय, मी हातापाया पडले. शष्प उपयोग झाला नाही.

भुसावळच्या काकांना फोन केला. ते शपथेवर नाही म्हणाले. संध्याकाळी घरी जेवायला बसलो तेव्हा माझा पारा चढलेलाच होता. म्हटलं, कोणा गाढवाने माझ्या गिटारवर एपॉक्सी थापलाय, त्याच्यापायी मी वर्षभर शिव्या खातेय. पप्पांचा घास हातातच राहिला.

"गाढव मीच," ते म्हणाले.

झालं असं होतं. गिटार घरी आणली त्याच आठवड्यात मी कॉलेजला गेलेली असताना पप्पांनी ती दुकानात नेली होती. रागावलेले होते माझ्यावर, तरी नेली. पोरीने आणलीच आहे तर वस्तू नीट असावी म्हणून. त्यांना ठोकळे सैल दिसले आणि वाकडेतिकडे दिसले, एक पुढे एक मागे. ज्या माणसाच्या दुकानात खिळ्यांचे डबेसुद्धा एका ओळीत असतात, त्याला ते बघवेना. त्यांनी सगळे ठोकळे मधोमध ओळीत आणले, दुकानातला सगळ्यात भारी एपॉक्सी मळून भरला, पॉलिश पेपर मारला, आणि मला सांगितलंही नाही. मायेने केलं होतं हो. त्या मायेने माझी वाट लावली होती.

मला वाटलं, पप्पा धुळ्याला यायचे नाहीत. गावात मान असलेला माणूस, मोटारी भरणाऱ्यासमोर आरोपी म्हणून कशाला बसेल? मम्मी तर म्हणालीच, सोडून दे ना आता. पण दोन दिवसांनी पप्पांनी दुकान नोकरांवर टाकलं आणि गाडी काढली.

आबांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि पंखा बंद केला. पप्पांनी आपली बाजू मांडली. हलत होतं ते पक्कं केलं, वाकडं होतं ते सरळ केलं, आमच्याकडून एक बिजागरीसुद्धा वाकडी जात नाही. आबा एका शब्दाने रागावले नाहीत. मला म्हणाले, वाजव. आणि पप्पांना विचारलं, "कोनता वर शे?"

पप्पा म्हणाले, मला गाण्यातलं काही कळत नाही.

"गाना नही शे हाई. ऐक."

मी वाजवत राहिले. बोट टेकवून, मग दाबून. टेकवून, दाबून. पप्पांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांना चहाला पाठवलं नाही आबांनी, एवढी सूट दिली. आठव्या-नवव्या वेळेला पप्पांनी डोळे मिटले आणि मान तिरकी केली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दाबल्यावरचा वर आहे." त्यांचा आवाज उतरला होता. वर्षभर हिने हे असंच वाजवलं का, असं त्यांनी आबांना विचारलं, मला नाही.

आबांनी त्यांना समजावून सांगितलं तेही त्यांच्याच पद्धतीने. "जाड तारले जास्त जागा लागस, बारीकले कमी. तू बठ्ठास्ले एक रेघमा उभं करं." बठ्ठास्ले म्हणजे सगळ्यांना.

एपॉक्सी निघणार नव्हता, स्क्रूही आत गंजले होते. ब्रिज आख्खा बदलायचा होता. आबांनी मुंबईहून तीन मागवले. पहिला सोनेरी, झगमगीत. पप्पा आणि मी दोघंही त्यावर भाळलो. आबांनी तो गिटारवर नुसता ठेवून दाखवला. तारांमधलं अंतर जास्त, कडेच्या दोन तारा मानेवरून खाली घसरत होत्या. तरी पप्पा म्हणाले, थोडंसंच तर आहे. आबा म्हणाले, अंगावर घालायचा असेल तर जळगावला सराफ बाजार काय कमी आहे? दुसरा दणकट होता, तारा बरोबर बसत होत्या, पण त्याच्या ठोकळ्यांना मागे सरकायला जागा अपुरी. तिसरा ब्रिज साधा, राखाडी, बघत राहावं असं त्याच्यात काहीही नव्हतं. तारा जिथल्या तिथे, ठोकळे हवे तेवढे मागे जाणारे. फक्त त्याची भोकं जुन्या भोकांशी जुळत नव्हती. आबांनी जुनी भोकं सागवानाच्या खुंट्या ठोकून बुजवली. मग मानेच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजलं, तिथून तेवढंच पुढे मोजलं, पेन्सिलीने खूण केली, पुसली, परत मोजलं. असं सात वेळा. सात वेळा मोजायचं आणि एकदा भोक पाडायचं. आबांनी काढलेले स्क्रू पप्पांनी हातात घेतले, आखूड आहेत म्हणाले, आणि आपल्या गाडीतल्या डब्यातून बरोबर मापाचे काढून दिले. आबांनी ते न बोलता लावले. त्यांच्या लेखी हा मोठा सन्मान होता.

सूर जुळवायला आख्खा दिवस गेला. मी दाबायचं, मी ऐकायचं, मी सांगायचं. आबा फक्त पेचकस फिरवायचे. शेवटी सहा ठोकळे सहा ठिकाणी उभे राहिले, जाड तारेचा सगळ्यात मागे. पप्पा त्याकडे बघून म्हणाले, हे असं बघवत नाही बुवा. आणि लगेच म्हणाले, परत वाजव.

आबा जाऊन आता दोन वर्षं होत आली. दुकान पुतण्या बघतो, मोटारी उत्तम भरतो, गिटारवाल्यांना हात जोडून परत पाठवतो. त्याचंही बरोबर आहे. एका तारेसाठी गिऱ्हाइकाला तीन वेळा चहा प्यायला पाठवणं हा काही धंदा नाही.

तर नवा ब्रिज बसवून मी जळगावला तालमीला गेले. पप्पा खाली गाडीत थांबले होते. मी वरच्या पडद्यांवर गेले, मास्टरांनी कीबोर्डवर तोच सूर धरला, आणि दोन्हीत सुई शिरायला जागा उरली नाही. ऑक्टोपॅडवाल्याने मला डोळा मारला. मास्टरांनाही कळलं. कळल्याशिवाय कसं राहील, कान होताच त्यांना. पण वर्षभर सगळ्यांसमोर जे बोलले ते गिळायचं कसं? म्हणाले, सुधारणा आहे, पण मी दुसरा गिटारवाला ठरवून ठेवलाय, त्याला शब्द दिलाय. अखाजीला तोच वाजवेल. तू यायची गरज नाही.

मी खाली येऊन पप्पांना सांगितलं. काढलं तर बंद, असा सौदा होता, आणि मला काढलं होतं. रडारड नाही असंही ठरलं होतं, म्हणून मी रडलेही नाही. घरी आल्यावर गिटार कपाटावर ठेवली. आठ दिवस तिच्याकडे बघितलं नाही. आमच्या घरात तोंडी शब्दावर ट्रकभर माल उतरतो, शब्द फिरवणाऱ्याला पप्पा पाणीसुद्धा विचारत नाहीत. त्यांच्याकडे मी काय मागणार होते?

नवव्या दिवशी पप्पा म्हणाले, गिटार घे, धुळ्याला जायचंय. मला वाटलं, आबांनाच देऊन टाकणार.

दुकानात चार-पाच शेतकरी मोटारी घेऊन बसलेले. पप्पांनी त्यांच्यासमोरच सगळं सांगितलं, सौदासुद्धा. मग म्हणाले, "आबा, मी दिलेला-घेतलेला शब्द कधी मोडला नाही. तुम्हाला यातलं कळतं. तुम्ही सांगाल तसं करतो."

आबांनी हातातली मोटार बाजूला ठेवली, उठून पंखा बंद केला आणि मला गिटार काढायला सांगितलं.

"माले नको इचारू," ते पप्पांना म्हणाले. "तुले ऐकू येस आते. तूच सांग."

मी पहिली तार छेडली. बोट टेकवून, मग दाबून. पप्पा म्हणाले, बरोबर. दुसरी. बरोबर. बाकीच्या लोकांना काही कळत नव्हतं, पण कोणी हललं नाही. पाचवी झाली. मग सहावी. पप्पांनी डोळे मिटून ऐकलं, आणखी एकदा वाजवायला लावलं, आणि म्हणाले, "बरोबर."

मग ते आबांकडे वळले.

"ही बेसुरी निघेल, या हिशेबाने मी सौदा केला होता," ते म्हणाले. "ही कधी बेसुरी नव्हतीच. माप मी बिघडवलं होतं. आणि खोट्या मापावरचा सौदा आमच्यात धरत नाहीत, आबा. ही वाजवणार."